शब्द पोचला का?

शेजारच्या दालनात हौशी रेडिओवाल्या मंडळींनी टेबलं मांडली आहेत आणि मुलांची गर्दी सकाळपासून हटलेली नाही. आज खुला दिवस आहे, त्यामुळे कुणीही यावं, हात लावून पाहावं, प्रश्न विचारावेत. अशा ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. आमचं काम एवढंच, की तिथली मंडळी यंत्र कसं चालतं ते सांगतील आणि आपण इथे त्या यंत्रातून आलेला शब्द खरा कधी मानायचा, हे पाहू. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आज प्रत्येकाच्या खिशात रोज शंभर संदेश येऊन पडतात, म्हणून तो पुन्हा नवा झाला आहे.

आधी नावापासून सुरुवात करू. ज्याला इंग्रजीत 'अमॅच्युअर रेडिओ' म्हणतात आणि बोलताना 'हॅम रेडिओ', त्याला मराठीत आपण हौशी रेडिओ म्हणतो. 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं प्रेम करणं आहे. आपला 'हौस' हा शब्द त्याहून रसरशीत आहे. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, आणि इथे तर ते कायद्यानंच खरं आहे, कारण या लहरींवरून पैसे घेऊन कुणाचा निरोप पोचवता येत नाही, धंदा करता येत नाही. सर्वांसाठी गाणी-बातम्यांचं प्रसारण करता येत नाही. अर्थ लपवणारी गुप्त भाषा वापरता येत नाही. बोलायचं ते उघड, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये या हौशी मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. म्हणून १८ एप्रिल हा जगभर हौशी रेडिओ दिन म्हणून पाळतात.

आता पहिल्या टेबलाकडे वळू. तिथे क्रिस्टल रेडिओ आहे. तांब्याच्या तारेची एक कॉइल, एक गँग कंडेन्सर, तांदळाच्या दाण्याएवढा जर्मेनियमचा डायोड, कानात घालायचा इअरफोन, लांब एरियल आणि अर्थिंग. बॅटरी नाही, प्लग नाही. तरीही जवळपास मध्यम लहरींचं केंद्र चालू असेल तर कानात बारीक आवाज येतो. मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात, की वीज कुठून आली? उत्तर असं, की जी लहर केंद्रावरून निघाली तिच्यातच ती आली. अशा लहरी आपल्या घरातून आणि आपल्या अंगातूनही अहोरात्र जात असतात. त्यातली चिमूटभर ऊर्जा ही तार पकडते, आणि कान इतका तीक्ष्ण आहे की त्याला तेवढी पुरते.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. रेडिओची लहर म्हणजे आवाज नव्हे. आवाजाला हवा लागते. रेडिओच्या लहरीला ती लागत नाही, आणि ती सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा अनेकांच्या कानात बसलेला असेल. त्याचा अर्थ, ती लहर सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा वरखाली होते. इतकं जलद कंपन आपल्याला ऐकूच येत नाही. मग निवेदकाचा आवाज कुठे असतो? तो त्या लहरीच्या उंचीत असतो. आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होत राहते. डायोड लहरीची एक बाजू कापून टाकतो, आणि उरलेल्या बाजूच्या उंचीतला सावकाश चढउतार इअरफोनला कळतो. तोच आपल्याला शब्द म्हणून ऐकू येतो. शंभर वर्षांपूर्वीचं हे यंत्र आणि त्यातला एकही भाग झाकलेला नाही. हातातल्या मोबाइलबद्दल आपण असं म्हणू शकतो का?

पुढच्या टेबलावर एक छोटं गणित लिहून ठेवलं आहे. तीनशेला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. चौदा मेगाहर्ट्झला ती सुमारे एकवीस मीटर येते. तिच्या निम्म्या लांबीची तार दोन झाडांमध्ये ताणली आणि मधोमध केबल जोडली, की झाला अँटेना. एकशे पंचेचाळीस मेगाहर्ट्झला लांबी दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे हातातल्या संचाला अर्ध्या मीटरची काडी पुरते. मात्र या आखूड लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये सह्याद्रीचा कडा आला की अडतात. त्यासाठी उंचावर रिपीटर बसवतात. तो खालून आलेला संदेश ऐकतो आणि पलीकडच्या बाजूला पुन्हा पाठवतो. याउलट सात मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततात. तार मुद्दाम जमिनीपासून कमी उंचीवर बांधली तर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि छत्रीसारखी आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर खाली येते. डोंगर मग आड येत नाही. हे गणित घाटमाथ्याच्या प्रदेशाला किती उपयोगी आहे, ते पुढे पाहूच.

आता सगळ्यात जास्त गर्दी असलेलं टेबल, म्हणजे प्रत्यक्ष केंद्र. परवानाधारक बसलेला आहे, मुलं त्याच्या खांद्यावरून डोकावताहेत. तो पहिली गोष्ट कोणती करतो, ते बघा. तो ऐकतो. त्या जागी कुणाचं बोलणं चालू आहे का, याची खात्री करतो, आणि मगच 'सीक्यू, सीक्यू' अशी हाक देतो. म्हणजे, जो कुणी ऐकत असेल त्यानं उत्तर द्यावं. हाकेबरोबर तो स्वतःची खूण सांगतो. भारतातल्या हौशी केंद्रांची खूण 'व्हीयू'ने सुरू होते. राजीव गांधी हे परवानाधारक होते आणि त्यांची खूण 'व्हीयू-टू-आरजी' अशी होती. आपलं नाव, गाव, पद काहीही असो, लहरींवर आधी खूण सांगायची. अक्षरं ऐकताना घोटाळा होऊ नये म्हणून ती 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' अशी शब्दांनी सांगतात. आपण फोनवर 'कमळातला क' म्हणतो ना, तोच प्रकार.

पलीकडून उत्तर आलं की पहिली देवाणघेवाण कशाची होते? एकमेकांचा आवाज कसा येतो आहे, याची. दोन आकडे सांगतात. पहिला एक ते पाच, स्पष्टतेचा. दुसरा एक ते नऊ, जोराचा. आमच्या मते या साध्या रीतीत एक मोठा विचार दडलेला आहे. जोर आणि स्पष्टता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना वेगवेगळे गुण द्यायचे आहेत. संदेश कानठळ्या बसवणारा असूनही अर्थ न कळणारा असू शकतो, आणि अगदी क्षीण असूनही शब्द न् शब्द कळणारा असू शकतो. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या चर्चांना हे दोन आकडे लावून बघा. अर्थात हौशी मंडळीही माणसंच आहेत. स्पर्धेच्या दिवशी घाईघाईत जो तो सर्रास 'पाच-नऊ' देऊन मोकळा होतो, मग समोरच्याचा आवाज कितीही खरखरीत असो! रीत चांगली असली तरी तिची सवय झाली की ती पोकळ होते, हाही धडा त्यातच आहे.

दुसरा शब्द 'रॉजर'. सिनेमे बघून आपल्याला वाटतं की रॉजर म्हणजे 'होय'. तसं नाही. रॉजर म्हणजे 'तुमचा संदेश मला पूर्ण मिळाला', बस. त्याप्रमाणे करीन, हे सांगायला वेगळा शब्द आहे, 'विल्को'. ऐकणं, समजणं, मानणं आणि त्याप्रमाणे वागणं, या चार पायऱ्या आपण रोजच्या बोलण्यात एकात एक मिसळून टाकतो. घरातली निम्मी भांडणं त्यातूनच होतात, बरं का. लहरींवर त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण तिथे चेहरा दिसत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. चेहरा दिसत नाही, ओळख नाही, देश वेगळा, भाषा वेगळी. अशा माणसाचा शब्द आपण ज्ञान म्हणून स्वीकारायचा का? न्यायदर्शनानं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. त्यातलं शब्दप्रमाण म्हणजे आप्त माणसाचं सांगणं. आप्त म्हटलं की आज आपल्या मनात नातेवाईक येतात. न्यायदर्शनातला आप्त नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनानं पुढे एक फार मोलाची गोष्ट स्पष्ट केली, की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणजे विश्वासार्हता जन्मावरून किंवा पदावरून ठरत नाही. ती जाणण्यावरून आणि प्रामाणिक सांगण्यावरून ठरते.

या कसोटीवर हौशी रेडिओची सगळी शिस्त तपासून बघा. खूण सांगायची, म्हणजे शब्दाची जबाबदारी घ्यायची. वेळ, वारंवारता आणि समोरच्याची खूण नोंदवहीत लिहायची, म्हणजे पुढे कुणालाही पडताळता यावं. संभाषण झाल्याची खातरजमा करणारं पत्र, ज्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात, ते एकमेकांना पाठवायचं. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या तरच ते संभाषण झालं असं मानायचं. ही केवळ छंदातली गंमत नाही. अनोळखी माणसाचा शब्द विश्वासाला पात्र कसा होईल, याची ती एक व्यवस्था आहे.

आणि या व्यवस्थेवर कधी कधी जीव अवलंबून असतो. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हौशी केंद्र चालणं ही दुर्मीळ गोष्ट, म्हणून जगभरची मंडळी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला धडपडत होती. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडली. हौसेसाठी नेलेली तीच यंत्रं मग बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवू लागली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही हौशी मंडळी संपर्कासाठी धावून गेली होती. त्या वेळी मोबाइल नव्हते. आज आहेत. पण मोबाइलच्या टॉवरला वीज लागते, टॉवरमागे केबलचं जाळं लागतं, आणि संकटात सगळेच एकदम फोन करू लागले की असलेलं जाळंही तुंबतं. हौशी केंद्राला गाडीची बारा व्होल्टची बॅटरी, झाडावर टाकलेली तार आणि जाणता माणूस पुरतो. सात मेगाहर्ट्झच्या छत्रीची गोष्ट आपण केली, ती इथे कामाला येते. दरीतल्या गावातून डोंगरापलीकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणी निरोप जाऊ शकतो.

अशा वेळच्या निरोपाला ठरावीक नमुना असतो. कुणाकडून, कुणाला, क्रमांक, वेळ, आणि निरोपात एकूण शब्द किती. शब्द मोजायचे कशाला? कारण ऐकणाऱ्यानं उतरवून घेतलेले शब्द मोजले आणि एक कमी भरला, तर तो लगेच विचारू शकतो. 'सापडले नाहीत' यातला 'नाहीत' गळाला तर काय होईल, याची कल्पना करा. निरोप्यानं स्वतःच्या मनाचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही, सुधारायचंही नाही. आपण एका बोटानं जे संदेश पुढे ढकलतो, त्यांचा मूळ सांगणारा कोण, कधीचा, किती हातांतून आला, यातलं काय आपल्याला ठाऊक असतं? निरोप पुढे ढकलणं आणि तो पोचवणं, या दोहोंत फरक आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटेल. १९४२ साली मुंबईत काँग्रेस रेडिओ चालला. तो आपली जागा सांगत नव्हता, बोलणाऱ्यांची नावं सांगत नव्हता, तरी लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. मग खूण सांगण्याचं महत्त्व काय उरलं? गोष्ट समजून घेऊ. १९३९ साली महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारनं हौशी मंडळींना आपली प्रक्षेपण यंत्रं जमा करायला लावली. 'छोडो भारत'नंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त केंद्र सुरू केलं. यंत्र उभं करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचं ज्ञान कामी आलं. जागा बदलत बदलत ते चाललं आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी ते पकडलं. उषाबेन तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पुढे त्या मुंबईत राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आता आक्षेपाचं उत्तर. त्या केंद्रानं नावं लपवली, पण लहर ठरलेली होती, आणि ज्या बातम्या सेन्सॉर दाबत होता त्या कार्यकर्त्यांकडून मिळवून सांगितल्या जात होत्या. ऐकणारा त्या आपल्या गावच्या अनुभवाशी ताडून पाहू शकत होता. म्हणजे आप्तत्वाच्या दोन्ही अटी, जाणणं आणि तसंच सांगणं, तिथेही होत्याच. जिथे उघड खूण सांगणं म्हणजे तुरुंग, तिथे विश्वास मिळवण्याची वाट अधिक खडतर होते, इतकंच. जिथे ती मोकळेपणानं सांगता येते, तिथे लपवणाऱ्याला मात्र आपण जाब विचारला पाहिजे.

शेवटचं टेबल सोल्डरिंगचं. मुलं ब्रेडबोर्डवर एलईडी लुकलुकवताहेत, मोठी मुलं सांधे जोडताहेत. इथे 'ड्राय सोल्डर' हा शब्द वारंवार ऐकू येईल. सांधा जोडल्यासारखा दिसतो, पण आतून धरलेला नसतो. यंत्र कधी चालतं, कधी बंद पडतं. पुस्तकात वाचून तो ओळखता येत नाही. टोक किती तापवायचं, कथील कधी वितळून पसरतं, हे हाताला कळावं लागतं. गिल्बर्ट राइल या तत्त्ववेत्त्यानं १९४९ साली 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांतला फरक ठासून मांडला, तो इथे पाच मिनिटांत पटतो. आप्ताची पहिली अट स्वतः जाणण्याची. म्हणून हौशी रेडिओत यंत्र विकत घेऊन लगेच बोलता येत नाही. भारतात बाराव्या वर्षानंतर सरकारी परीक्षा देता येते. तीत विद्युतशास्त्राची तोंडओळख आणि नियम विचारतात, आणि वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्सही यावं लागतं. बोलण्याचा हक्क समजण्यातून मिळतो, असं दुसरं क्षेत्र आम्हाला तरी चटकन आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण उपयोग काय? एका जुन्या घटनेनं उत्तर देतो. १९१२ साली अमेरिकेच्या कायद्यानं हौशी मंडळींना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं, कारण लांबच्या संपर्कासाठी त्या निरुपयोगी समजल्या जात. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या हौशी केंद्रांनी सुमारे शंभर मीटरच्या लहरीवर अटलांटिक ओलांडून एकमेकांशी संभाषण केलं. ज्या जागेला कुणी विचारत नव्हतं, तिथूनच जगभरच्या लघुलहरी संपर्काची वाट खुली झाली. आपल्याकडे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह बनवला आणि जून २०१६ मध्ये इस्रोनं तो अवकाशात सोडला. हौशी मंडळींचे निरोप इकडून तिकडे पोचवणं हेच त्याचं योजलेलं काम होतं. उपयोग आधी ठरवून मग कुतूहल बाळगलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

अडचणी आहेतच. लहरींवर खासगीपणा नाही. सोसायटीच्या गच्चीवर तार बांधायची परवानगी मिळवणं कधी कधी परीक्षेपेक्षा कठीण असतं. आणि संकट आल्यावर कुणी ही विद्या शिकू शकत नाही. ती आधी, बिनकामाच्या वाटणाऱ्या शांत दिवसांत, हौसेनंच शिकून ठेवावी लागते. तालुक्याच्या गावी अशी दोन-चार माणसं असतील की नाही, हे सरकारी आदेशानं ठरत नाही, अशा खुल्या दिवशी किती मुलं टेबलापाशी रेंगाळतात त्यावर ठरतं.

तेव्हा मुलांना घाई करू नका, त्यांना रेंगाळू द्या. ज्यांना पुढे जायचं असेल त्यांनी परवानाधारकाशेजारी बसून काही आठवडे नुसतं ऐकावं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत फेरी मारून क्रिस्टल रेडिओचे सुटे भाग आणावेत आणि स्वतः जोडावेत. आणि ज्यांना रेडिओत रस नाही त्यांनी निदान तीन प्रश्न इथून घेऊन जावेत. पुढचा संदेश फोनवर आला की विचारा: सांगणाऱ्यानं आपली खूण सांगितली आहे का? त्याला हे स्वतः माहीत आहे का? आणि मला तो पूर्ण मिळाला आहे का? तिन्हींचं उत्तर 'होय' असेल तर खुशाल पुढे पाठवा. नसेल तर 'परत सांगा' म्हणा. लहरींवर तसं म्हणण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.